रॉकेलवरचा आवाज

क्लेमेंट तुस्कानो यांची माझी ओळख जेमतेम आठ वर्षांची. त्यांची जन्मतारीख मला माहीत नाही. गिरणीत त्यांनी वीस वर्षं काढली की बावीस, हे मी खात्रीनं सांगू शकणार नाही. देवळात गुडघे टेकून ते काय मागायचे, आणि माझ्याविषयी त्यांचं काय मत होतं, हे मी कधी विचारलं नाही. माझा स्वभाव विचारण्याचा नाही. त्यामुळे मी त्यांना ओळखत होतो असं म्हणणं जरा जास्तच होईल. त्यांच्या पत्नी अँजेलिनाबाई मला दोनदा म्हणाल्या, तुम्ही लिहा, तेव्हा तिथं तुम्हीच होता. मी तिथं होतो, एवढं मात्र खरं आहे.

१९९५ साली मी मंत्रालयातल्या टपाल शाखेतून निवृत्त झालो. नालासोपाऱ्याला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि स्टेशनच्या बाजूला चालायचं म्हणजे रिक्षांमधून अंग चोरत चालायचं, म्हणून मी सकाळची एसटी पकडून निर्मळला उतरायचो आणि तिथून वटारकडे पायी जायचो. दोन्ही बाजूंना वाड्या. केळी, पानवेली, सोनचाफा. मधूनमधून बावखलं, म्हणजे वाडीतली पाण्याची खोल तळी, वर झाडं झुकलेली. त्यांच्या कडेनं गेलं की हवा एकदम गार लागायची आणि चार पावलांवर पुन्हा ऊन. गार, ऊन, गार, ऊन असं चालताना आपण अर्धवट झोपेतच चाललो आहोत असं मला वाटायचं. वाटेत कुणी ओळखीचं नव्हतं आणि कुणाशी बोलावं लागत नव्हतं. ते मला फार आवडायचं.

शहाण्णवच्या पावसाळ्याच्या शेवटी एका वाडीत झावळ्यांच्या छपराखाली मला एक मोठं लोखंडी धूड दिसलं. पुढची दोन चाकं लहान, मागची माणसाच्या छातीएवढी, आणि सगळ्यावर गंजाचा एकच रंग. खालून दोन पाय बाहेर आले होते. मी कुंपणाशी का थांबलो ते सांगता येणार नाही, मी थांबणाऱ्यातला नाही. थोड्या वेळानं त्या पायांमागून एक माणूस सरपटत बाहेर आला. पांढरे केस, हाताला कोपरापर्यंत काळं तेल. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "बॅटरी धरता येते का?"

मी दुपारच्या एसटीपर्यंत बॅटरी धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडेच वळले.

तो ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी, आंतोन तुस्कानोंनी, १९५० साली एका मिठागरवाल्याकडून जुनाच विकत घेतला होता. परदेशी बनावटीचा, पेट्रोलवर सुरू होणारा आणि मग रॉकेलवर चालणारा. टाकीखाली नळासारखी फिरवायची एक चावी होती. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापू द्यायचं, तापलं की चावी फिरवून रॉकेलवर घ्यायचं, आणि बंद करायच्या आधी आठवणीनं पुन्हा पेट्रोलवर आणायचं. नाहीतर आत रॉकेल साचून राहतं आणि पुढच्या वेळी इंजिन उठत नाही. आंतोनबाबांनी हे पोरांकडून प्रार्थनेसारखं पाठ करून घेतलं होतं. त्या ट्रॅक्टरनं गावातली निम्मी भातशेती नांगरली आणि केळ्यांचे घड स्टेशनला नेले. आगेऱ्याच्या सणाला भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी देवळात नेतात, त्या लोंब्याही कितीतरी वर्षं त्याच्यावरूनच गेल्या. देऊळ म्हणजे चर्च. तिकडे चर्चला देऊळच म्हणतात. आंतोनबाबा गेल्यावर ट्रॅक्टर क्लेमेंटकडे आला, पण क्लेमेंट गिरणीत, शेती कमी झालेली, आणि बहात्तर साली तो या छपराखाली उभा राहिला तो उभाच.

हे सगळं त्यांनी मला एकदम सांगितलं नाही. एक नट सोडवताना एक वाक्य, असं सांगितलं. घरात ते बायकोशी आणि बहिणीशी त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मी कळायची. माझ्याशी मात्र शाळेतल्या पुस्तकासारखं स्वच्छ मराठी बोलायचे. महिन्याभरात ते मला 'तू' म्हणायला लागले. मी शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिलो.

आता या वयात हे कशाला, असं मी मनात पुष्कळदा म्हणालो असेन, मोठ्यानं कधीच नाही. एक दिवस बावखलाच्या पायरीवर हात धुताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. गिरणीत ते लूम खात्यात फिटर होते. हजार मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं उभं राहून उजवा कान केव्हाच गेला होता. आता डावाही चालला होता. वसईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्ष, फार तर दीड वर्ष.

"डावा आहे तोवर मला बापाचा ट्रॅक्टर ऐकायचाय," ते म्हणाले. "बाकी मी पुष्कळ ऐकलं."

मग ते लहानपणचं बोलले. संध्याकाळी शेतावरून परतताना ते मागच्या मडगार्डवर बसायचे, एक हात बापाच्या कमरेला. घरी पोचेपर्यंत झोप लागलेली असायची. सकाळी खाटेवर जाग यायची तेव्हा तो आवाज अंगातच राहिलेला असायचा. सत्तावन्न वर्षांचा माणूस पाण्यात पाय सोडून हे सांगत होता आणि समोर एक खंड्या फांदीवर बसून आमच्याकडे पाहत होता. आवाज कसा होता, असं मी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, म्हणून तर ऐकायचाय.

त्यानंतर मी रोज जायला लागलो. मला यंत्रातलं काही कळत नाही. मी बॅटरी धरायचो, नट रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासायचो, आणि कुठला नट कुठला ते पुठ्ठ्यावर लिहून ठेवायचो. नोंद ठेवणं मला येतं. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, त्यांनी गिरणीतल्या एका जुन्या सोबत्याकडून आतली तार नव्यानं गुंडाळून आणला. पण पिस्टन आतल्या आत धरले होते. चोवीस वर्षांचा गंज. हातोडी मारून सुटणार नाही, असं ते म्हणाले. खोबरेल तेल आणि रॉकेल समसमान मिसळून त्यांनी वरून चारही नळकांड्यांत ओतलं आणि बोळे लावून टाकले. तो राखेचा बुधवार होता, इस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा पहिला दिवस. सकाळीच देवळात जाऊन आले होते, कपाळावर राखेची खूण तशीच होती. आता इस्टरपर्यंत हात लावायचा नाही, म्हणाले. ते स्वतः उपवासकाळात मांसमच्छी सोडायचे, तसा इंजिनालाही उपवास घातला.

अँजेलिनाबाई तेलाची रिकामी बाटली घेऊन छपराशी आल्या. "माझ्या डोक्याला थेंब ठेवला नाही," त्या म्हणाल्या. "बायकोचे केस उडाले तरी चालतील, ट्रॅक्टरला चंपी पाहिजे."

शेजारच्याच घरात क्लेमेंटची थोरली बहीण राहायची, सालोमीबाई. पंचाहत्तरीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, पण जीभ सरळ. त्या म्हणाल्या, "बापाचे पाय कधी दाबले नाहीस. आता त्याची चाकं दाबतोयस."

क्लेमेंट हसले. त्यांना निम्मंच ऐकू आलं असावं, पण बहिणीचं बोलणं त्यांना तोंडावरून कळायचं.

ते चाळीस दिवस मी विसरणार नाही. करायला काही नव्हतं, तरी मी जायचो. आम्ही छपराखाली बसून राहायचो. पानवेलींतून ऊन गाळून यायचं आणि ट्रॅक्टरच्या अंगावर ठिपके हलायचे, जणू तो पाण्याखाली उभा आहे. वारा पश्चिमेचा असला तर समुद्र ऐकू यायचा. क्लेमेंट मान वळवून डावा कान तिकडे करायचे आणि विचारायचे, आहे का? मी मान हलवायचो. कधी कधी ते समुद्र नसतानाही विचारायचे. तेव्हाही मी मान हलवली आहे.

इस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टरच्या पुढच्या भोकात इंजिन फिरवायचं हँडल घातलं आणि अंगाचा भार टाकला. काही झालं नाही. पुन्हा टाकला. आतून जाड पडदा बाजूला सरकावा तसा आवाज आला आणि हँडल चार बोटं खाली गेलं. ते तिथेच जमिनीवर बसले.

हँडल कसं धरायचं ते त्यांनी मला तेव्हाच दाखवलं होतं. अंगठा मुठीवरून पलीकडे न्यायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिन उलटा झटका देतं, आणि अंगठा पलीकडे असेल तर हँडल निसटत नाही, मनगट घेऊन जातं. बापाची ही दुसरी प्रार्थना, असं म्हणाले.

मे महिन्याच्या एका संध्याकाळी सगळं जुळलं. ऊन उतरलं होतं, चाफ्याचा वास दाटला होता. त्यांनी मला ट्रॅक्टरवर चढवून बसवलं. माझं काम एवढंच, की ते हात वर करतील तेव्हा टाकीखालची चावी रॉकेलकडे फिरवायची. शेवटी ते दोनदा हात करतील, तेव्हा चावी परत पेट्रोलकडे, आणि थोड्या वेळानं बटण दाबून बंद. मी हे पुठ्ठ्यावर लिहून घेतलं होतं.

हँडलच्या पाचव्या फेऱ्याला इंजिन उठलं. माझ्याखालची पत्र्याची बैठक थरथरायला लागली. आवाज कोरडा आणि तुटक होता, कुणी घाईनं टाचा वाजवत चालल्यासारखा. क्लेमेंट पुढे वाकून डावा कान बॉनेटजवळ नेऊन उभे होते. त्यांनी बोट हलवलं. "हा नाही," ते ओरडून म्हणाले. "हा पेट्रोलचा. थांब."

आम्ही थांबलो. निळसर धूर केळींच्या पानांखाली साचत होता. मग त्यांनी हात वर केला आणि मी चावी फिरवली. पहिल्यांदा काहीच बदललं नाही. मग इंजिन जरा अडखळलं, आणि त्या अडखळण्यातून आवाज खाली उतरायला लागला. क्लेमेंटनी डोळे मिटले.

त्याच वेळी मला फाटकातून बायका आत येताना दिसल्या. वीसेक जणी, डोक्यावर पदर, ओढण्या, हातात माळा. पुढे एकीच्या हातात मरियामातेची मूर्ती, तिच्याभोवती मोगऱ्याचे गजरे. मे महिन्यात ती मूर्ती रोज एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि तिथे माळेची प्रार्थना होते, हे मला माहीत होतं. त्या दिवशी ती सालोमीबाईंकडे चालली होती, आणि वाट छपरासमोरून होती. त्यांचे ओठ हलत होते, पण गाणं ऐकू येत नव्हतं, कारण ऐकू येत होतं ते आमचं इंजिन. मी दुसऱ्या धर्माचा, बाहेरून आलेला. देवाची मूर्ती दारातून जाते आहे आणि मी वर बसून धूर आणि गोंगाट करतो आहे, या विचारानं माझ्या कानशिलांना घाम फुटला. क्लेमेंटची पाठ तिकडे होती. मी बटण दाबलं.

सगळं एकदम शांत झालं. बायका थांबल्याच होत्या. मला नंतर कळलं, त्या मुद्दामच थांबल्या होत्या. सालोमीबाईंनी मूर्ती पुढे नेऊ दिली नव्हती, बापाचा ट्रॅक्टर आहे, जरा ऐकू द्या म्हणाल्या होत्या. आता त्या वाकलेल्या मानेनं वर माझ्याकडे पाहत होत्या.

"अहो, बंद का केलंत?" त्या म्हणाल्या. "मरियामातेला काय होणार आहे? ती सुताराची बायको, ठोकाठोक तिला नवी नाही."

क्लेमेंटनी डोळे उघडले. माझा हात बटणावर होता आणि चावी रॉकेलवर तशीच. त्यांनी ती पाहिली, मी पाहिली. पाच मिनिटं थांबून कार्बोरेटर रिकामा केला असता, पेट्रोल भरलं असतं, तर झालं असतं. पण आवाज नुकता सुरू झाला होता, तो त्यांच्या कानात अजून असेल, आणि तेवढ्यात पुन्हा पकडावा असं त्यांना वाटलं असावं. ते हँडलकडे धावले. सहा वेळा फिरवलं. सातव्या वेळी झटका आला. अंगठा पलीकडे होता.

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, पुढे दोन महिने जड काही उचलायचं नाही. गावातल्या दोघातिघांनी हँडल फिरवायची तयारी दाखवली, पण आपलं झालं ते दुसऱ्याचं व्हायला नको म्हणून क्लेमेंटनी कुणाला हात लावू दिला नाही. पाऊस लागला, ट्रॅक्टरवर ताडपत्री आली. ऑगस्टमध्ये त्यांना ताप भरला, डाव्या कानातून पाणी यायला लागलं. महिन्याच्या शेवटी एका सकाळी मी फाटकातून हाक मारली. ते केळीच्या बुंध्याशी पाठमोरे उभे होते. मी पुन्हा मारली. मग मी हाक मारायचं सोडून चालत त्यांच्यासमोर गेलो.

तेव्हापासून ते बोलायचे आणि मी लिहायचो. अँजेलिनाबाईंनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून कोऱ्या बाजूची वही शिवून दिली, ती मी पिशवीत घेऊन जायचो. पहिल्या पानावर मी लिहिलं, "माझी चूक झाली." त्यांनी विचारलं, कसली? मी लिहिलं, "मे महिन्यातली." त्यांनी वाचलं आणि उजवा हात माझ्यापुढे धरला.

"अंगठा माझा होता," ते म्हणाले, आणि वही मला परत दिली.

ऑक्टोबरात आगेरा आला. क्लेमेंटनी ट्रॅक्टरचा विषय काढला नव्हता, सालोमीबाईंनी काढला. लोंब्या त्याच्यावरूनच जातील, म्हणाल्या. मॅग्नेटो दोन दिवस उन्हात सुकवला. हँडल क्लेमेंटनीच फिरवलं, डाव्या हातानं. या वेळी चावी मी वेळेवर फिरवली आणि कुणीही आलं तरी हात मांडीवर ठेवून बसलो. इंजिन तापलं, आवाज खाली उतरला, रुंद झाला आणि वाडीभर पसरला. सालोमीबाईंनी तोंडाला पदर लावला. क्लेमेंट बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कसा आहे?"

मी वही काढली. बैठक थरथरत होती. मी लिहिलं, "आवाज फार चांगला आहे."

त्यांनी वाचलं. "हे टपाल शाखेतलं झालं," ते म्हणाले. "नीट ऐक. मग सांग."

मग तो आमचा क्रमच झाला. दर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेनंतर, ते ट्रॅक्टर सुरू करायचे, पंधरावीस मिनिटं रॉकेलवर चालवायचे, आणि मी ऐकून एक ओळ लिहायची. मी आयुष्यात सरकारी पत्रांखेरीज काही लिहिलं नव्हतं. आठवडाभर मी जिन्यात, रेशनच्या रांगेत, झोपताना त्या एका ओळीचा विचार करायचो. "मोठ्या हंड्यात भात रटरटतोय तसा," असं मी एकदा नेलं. त्यांनी मान हलवली. भात घाईत असतो, म्हणाले, हा घाईत नसायचा. "लांबून लाकडी पुलावर बैलगाडी येते आहे तसा." ते म्हणाले, गाडी येते आणि जाते, हा जागेवर असायचा. ते नेमकं सांगू शकायचे, काय नाही ते. ऐकणारा मी होतो आणि आठवणारे ते, आणि दोघांच्या मधे ते इंजिन गुरगुरत असायचं. कधी कधी मी ओळ लिहायचीच विसरून जायचो. ऊन हलायचं, बावखलावर चतुर उडायचे, आणि ते तळहात बॉनेटवर ठेवून डोळे मिटून उभे असायचे. तळहातांतून त्यांना काय मिळत होतं, ते मला माहीत नाही. हेही मी विचारलं नाही.

साडेतीन वर्षं मी ओळी नेल्या. त्या सगळ्या वह्या अँजेलिनाबाईंकडे आहेत. २००१ च्या पावसाळ्याआधीच्या एका रविवारी मी लिहिलं, "रात्री आपण झोपेला आलो आहोत, शेजारच्या खोलीत मोठी माणसं हळू बोलताहेत, शब्द कळत नाहीत."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, यातही काहीतरी नसेल.

"हां," ते म्हणाले. मग चावी पेट्रोलवर फिरवली, थोडं थांबले, आणि इंजिन बंद केलं. त्या दिवशी ते मला कधी नव्हे ते एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. पुढे त्यांनी ओळ मागितली नाही. ट्रॅक्टर दर रविवारी चालायचा, मी ऐकायचो, ते उभे असायचे.

फेब्रुवारी २००४ मध्ये एका शनिवारी सकाळी वाडीत पाणी सोडताना ते गेले. मी त्यांना त्याआधी भेटलो तो गुरुवारी. त्यांनी माझ्यासाठी विड्याच्या पानांची जुडी बांधून ठेवली होती. निघताना मी वहीत लिहिलं, की या रविवारी जमणार नाही, मेहुणीकडे बारसं आहे, सोमवारी येतो.

"सोमवारी ये," ते म्हणाले. "पण दुपारी नको. मी झोपतो, आणि दार वाजवलेलं मला कळत नाही."

मी लिहिलं, "चारला येतो."

"चारला ये," ते म्हणाले.